शामलाबाईंच्या पोटातली चमकी

नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण घर चालायचं ते शामलाबाईंच्या तोंडावर. दुधवाला दारात यायच्या आधी भांडं उंबऱ्यावर असायचं, नळ यायच्या आधी घागरी रांगेत, आणि मनोहरराव तारघरातून यायच्या आधी चहाचं आधण चुलीवर. "आमच्या इथं नळसुद्धा हिला विचारून येते," असं मनोहरराव चारचौघांत सांगत. शामलाबाई लटक्या रागानं पाहत, पण त्यांना ते आवडे.

या शिस्तीमुळेच तर महालक्ष्म्या, भादव्यातल्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, त्यांच्या घरी आल्या होत्या. सासर मूळचं रामटेककडचं, धानाच्या बांध्यांचं. रीतीप्रमाणे सासूनंतर महालक्ष्म्या थोरल्या सुनेकडे, अंजनाबाईंकडे, बसायच्या. पण सासूनं जाताना सगळ्यांदेखत सांगितलं, "माह्या लक्ष्म्या शामलाकडे नागपुरात बसतीन. तिच्या हाताले वळण आहे." दोन पितळी मुखवटे, ते बसवायच्या दोन कोठ्या आणि ज्येष्ठेच्या नाकातली लाल खड्याची सोन्याची चमकी असं सगळं धाकटीच्या हवाली झालं. चमकी सासूच्या सासूची. नाकात ती असल्याशिवाय ज्येष्ठा कधी बसली नाही आणि, महत्त्वाचं म्हणजे, कधी उठली नाही. माहेरपणाला आलेली लेक मोकळ्या नाकानं सासरी धाडायची नसते, ही त्या घरची पक्की रीत.

थोरल्या अंजनाबाईंनी मान गेला म्हणून कधी तोंड वाकडं केलं नाही. दर वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं त्या भाज्यांचं गाठोडं घेऊन येत, पूजा डोळे भरून पाहत आणि तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या बोळवून परत जात. म्हणूनच शामलाबाईंना त्यांचं भय वाटे. भांडणाऱ्या जावेला उत्तर देता येतं; जी भांडतच नाही तिच्यासमोर चूक होऊन चालत नाही.

आणि चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात चूक झाली.

लक्ष्म्या यायचा दिवस. चार वाजत आले होते. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवून झाली होती. शामलाबाई दोन्ही हातांत ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन उंबऱ्यात उभ्या. चमकी आधी बसवायची राहिली होती. आता हात मोकळे नाहीत, तर साडी नेसताना टाचणी धरावी तशी त्यांनी ती ओठांत धरली. फिरकी चमकीलाच होती; आत गेल्यावर नाकात बसवून ती आवळू, असा हिशेब.

शेजारची प्रेमिला ताट आणि पळी घेऊन आत उभी होती. तिनं ताट वाजवलं आणि रीतीचा प्रश्न विचारला, "कोण आलं?"

या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. देवी उंबऱ्यात असताना गप्प राहणं म्हणजे तिला परत पाठवणं. शामलाबाई दातांतून बोलल्या, "महालक्ष्मी आल्या."

"कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या..." म्हणायला तोंड उघडलं, श्वास आत गेला, आणि चमकी जिभेवरून घसरली ती थेट घशात. शामलाबाईंनी एक आवंढा गिळला. "...पावलांनी आल्या," हे त्यांनी डोळे विस्फारूनच पुरं केलं. मुखवटा हलू दिला नाही. देवघरात जाऊन तो कोठीवर बसवला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग प्रेमिलेचा दंड धरून तिला माजघरात ओढलं.

"प्रेमिला, मी देवीची चमकी गिळली वं."

"काय गिळली?"

"चमकी! नाकातली!"

प्रेमिलेनं आधी तोंडावर हात ठेवला, मग हसू आलं म्हणून पदर ठेवला. "माय माय! आता वं?"

आता काय, ते मनोहररावांना ठाऊक होतं. त्यांचा बालमित्र कृष्णकांत डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना चालवी. त्यानं आधी जवळच पोटाचा फोटो काढायला पाठवलं. ती काळी काच खिडकीशी धरून त्यानं बोट ठेवलं. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"ही पाहा तुमची चमकी. जठरात आहे. लहान आहे, टोक बोथट आहे, श्वासनळीत गेली नाही हे नशीब. आपल्या वाटेनं येईल."

"किती वाजता येईन?" शामलाबाईंनी विचारलं.

डॉक्टर चष्म्यावरून पाहत राहिला. "वहिनी, ही काय रामटेकची पाशिंजर आहे?"

"परवा संध्याकाळी पावणेसहाच्या आत लक्ष्म्या बोळवायच्या आहेत. त्याच्या आत पाहिजे."

"असं पाहा," डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "गिळणं तेवढं तुमच्या हातात होतं. घशाच्या खाली उतरलं की तुमचं राज्य संपलं. अन्ननळीपासून शेवटापर्यंत ही एक लांबच लांब नळी आहे. एकट्या लहान आतड्याचीच वीस-बावीस फूट धरा. तिच्या भिंतीत स्नायूंची कडी आहेत. घास आला की त्याच्या मागचं कडं आवळतं, पुढचं ढिलं पडतं. घास जरासा सरकला की त्याच्या मागचं आवळतं, पुढचं सुटतं. अशी लाट चालत राहते. तुम्ही झोपल्या तरी चालते. उलटं टांगून पाणी पाजलं तरी ते जठराकडेच जाईल. तुम्हाला कोणी विचारत नाही."

शामलाबाईंनी पदराची कड बोटांत चुरगळून सोडून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे परकराची नाडी ओवतो तसं. मागून कापड चुरगळायचं, पुढून सोडायचं. पिन आपोआप सरकते."

डॉक्टरनं मनोहररावांकडे पाहिलं. "मन्या, आम्हाला हे समजायला कॉलेजात महिना लागला गा."

"पण नाडी तर मी ओवते," शामलाबाई म्हणाल्या. "ही कोण ओवतं?"

"ते तुमच्या देवीला विचारा. माझं सांगणं एवढंच: एरंडेल घ्यायचं नाही, पोट चोळायचं नाही, उपाशी राहायचं नाही. साधं, पोटभर जेवा. भाजीपाला खा. जेवण वरून पडलं की खालच्यालाही जाग येते. पोटात दुखलं, उलटी झाली, तर लगेच माझ्याकडे. नाहीतर वाट पाहा."

वाट पाहणं! शामलाबाईंनी आयुष्यात सगळं केलं होतं, तेवढं सोडून.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ज्येष्ठेचं नाक झाकण्याचं. गांधीबागेतून पोरीच्या नाचासाठी आणलेली खोट्या मोत्यांची मोठी नथ पेटीत होती, ती घातली. देवीसमोर हात जोडले. "माय, दोन दिवस सांभाळून घे. खोटं लेणं घातलं, रागवू नको. खरं माझ्यापाशीच आहे, पण हाताला लागत नाही." मनोहरराव म्हणाले, इतवारीच्या सराफ्यात नवी चमकी मिळेल. शामलाबाईंनी मान हलवली. नवी मिळेल, पण सासूनं हवाली केलेली ती कुठून मिळेल?

त्या रात्री लक्ष्म्यांच्या नैवेद्याची भाजीभाकरी त्या नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई आल्या. पायांना चिखल, डोक्यावर गाठोडं, त्यात पडवळ, दोडकी, चवळीच्या शेंगा, कोहळा, अंबाडी. सोळा भाज्यांपैकी अकरा त्यांच्याच बांधावरच्या. दारातूनच त्यांनी लक्ष्म्यांना हात जोडले. नजर अधू झाल्यानं नथ खोटी आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. त्या म्हणाल्या, "लय साजऱ्या दिसून राहिल्या वं! नथ नवी का?"

"हो, नवीच," शामलाबाई म्हणाल्या आणि भाज्या निवडायला बसल्या.

पण मन भाजीत नव्हतं. चमकीला हुकूम सुटला होता. त्या कोमट पाणी प्यायल्या. अंगणात अकरा फेऱ्या मारल्या. मग पोरांचं जुनं तामचिनीचं भांडं घेऊन परसाकडे गेल्या. पुढचं सविस्तर सांगायला नको. चार लेकरं वाढवलेल्या बाईला त्याची किळस नसते. चमकी नव्हती. मात्र परसाकडे जाऊन आलेल्या बाईला न्हाल्याशिवाय नैवेद्याच्या चुलीला हात लावता येत नाही. म्हणून त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्यानं सोवळं नेसल्या आणि पुरण वाटायला बसल्या. तासाभरानं पुन्हा वाटलं की काही हललं. पुन्हा भांडं, पुन्हा काही नाही, पुन्हा न्हाणं.

चौथ्यांदा केसांतून पाणी निथळत त्या आल्या, तेव्हा अंजनाबाईंनी कोहळ्यावरची विळी थांबवली.

"काहून वं शामला? आज घरीच गंगा आली काय? चार डाव न्हाली."

"गरमी होऊन राहिली, जाऊबाई."

"भादव्यात? मले शिकवून राहिली काय? तुले पोट लागलं, जुलाब होऊन राहिले. पोटाचं सांगाले लाजते!" आणि उत्तराची वाट न पाहता अंजनाबाई उठल्या. गाठोड्याच्या तळाशी डाळिंबाच्या वाळल्या सालींची पुरचुंडी होती. प्रवासात लागते म्हणून त्या नेहमी ठेवत. त्यांनी सालींचा काढा उकळला, वर जायफळ उगाळलं, आणि वाटी शामलाबाईंच्या तोंडाशी आणली. "घे. कसंही पोट लागू दे, घटकाभरात दगडासारखं बांधून टाकते."

शामलाबाईंच्या डोळ्यांसमोर बावीस फुटांची ती वाट उभी राहिली आणि तिच्या मधोमध कोणीतरी बंधारा घालताना दिसलं. पण थोरली जाऊ स्वतःच्या हातानं औषध पाजत होती, सणाचा दिवस होता, नाही कसं म्हणायचं? त्या वाटीभर काढा प्यायल्या. अर्ध्या तासानं अंजनाबाई दुसरी वाटी घेऊन आल्या.

"आता नको, जाऊबाई."

"एका वाटीनं काय होते? घे."

"नको म्हणते ना!" शामलाबाईंचा आवाज चढला, आणि त्याच आवाजात रडू मिसळलं. "पोट बांधू नका माझं. पोटात देवीची चमकी आहे."

अंजनाबाई वाटी हातात घेऊन तशाच बसल्या. शामलाबाईंनी उंबरा, ओठ, प्रेमिलेचा प्रश्न, काळी काच, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्या मान खाली घालून म्हणाल्या, "सासूबाईंनी तुमचा मान काढून मला दिला. म्हणाल्या, हिच्या हाताला वळण आहे. हे माझं वळण."

 अंजनाबाईंचे खांदे हलायला लागले. शामलाबाईंना वाटलं, रडतात. त्या हसत होत्या, इतक्या की वाटीतला काढा पदरावर सांडला.

"तशी गिळली तू! देवीच्या नावानं इचारलं आन् तू सोडलं नाही उत्तर! माय वं! आन् मी तुले साली पाजून राहिली!" त्यांनी डोळे पुसले. "मले काल धरून काहून नाही सांगितलं?"

"काल तुम्ही रामटेकला होता."

"आज सकाळी तं इथं होती! आन् हे फेऱ्या मारणं, भांडं घेऊन धावणं, कायले? चमकीले हुकूम देऊन राहिली? गायीपाशी लोटा घेऊन उभं राहून 'दूध दे' म्हटल्यानं ते देते काय? तिच्या पाठीवर हात फिरवा लागते, बछड्याले समोर बांधा लागते, दोन गोष्टी बोला लागते. मंग पान्हा आपून सुटते. आपल्या अंगात अर्ध्याच्या वर कामं अशीच हायेत वं. आपल्याले इचारून होत नाहीत."

असं म्हणून त्यांनी शामलाबाईंच्या हातातली पुरणाची पळी काढून घेतली आणि त्यांना भिंतीशी बसवलं. त्यानंतरचा स्वयंपाक अंजनाबाईंनी केला. शामलाबाई बसल्या जागेवरून सांगू पाहत, "कढीत मेथी घालायची असते," की उत्तर येई, "तुह्या जन्माच्या आधीपासून घालून राहिली मी."

नैवेद्य झाला, आरती झाली. सवाष्णींची पंगत बसली तेव्हा अंजनाबाईंनी एक पाट जास्त मांडला आणि शामलाबाईंना दंडाला धरून त्यावर बसवलं. बावीस वर्षांत शामलाबाई या पंगतीत बसल्या नव्हत्या. घरची बाई शेवटी जेवते, सगळ्यांचं उरकल्यावर, गार झालेलं, उभ्या उभ्याच. आज समोर केळीच्या पानावर वाफा निघत होत्या. सोळा भाज्या एकात शिजलेल्या, आंबील, कढी, पुरणाच्या पोळीवर तुपाची धार. अंजनाबाई वाढत होत्या. "आन् थोडी भाजी घे. डॉक्टर म्हणला नाही, भाजी खाय म्हणून?" शामलाबाईंना पहिला घास गिळताना दाटून आलं, आणि गंमत अशी की घास अडला नाही. खाली उतरला आणि आपल्या वाटेला लागला. बरगडीच्या खाली काहीतरी गोल फिरल्यासारखं झालं. शामलाबाईंनी त्याला काही सांगितलं नाही.

तिसरा दिवस उजाडला. सकाळी काही नाही. डाळिंबाच्या सालीनं आपलं काम चोख केलं होतं. मनोहररावांनी पंचांग पाहून पुन्हा सांगितलं, पावणेसहा. दहा वाजले, बारा वाजले. शामलाबाईंचा हात दोनदा तामचिनीच्या भांड्याकडे गेला आणि दोन्ही वेळा अंजनाबाईंनी त्यावर चापट मारली. "बस तिथं."

दुपारी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या. प्रेमिलाही आली. तिनं दोन दिवस गुपित पोटात ठेवलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावरून ते तिला चमकीपेक्षा जड गेलेलं दिसत होतं. बायांनी उखाण्याचा आग्रह धरला. अंजनाबाईंनीही घेतला. नवऱ्याचं नाव घेताना मधेच विसरल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, नाव आठवत नाही, पण माणूस चांगला आहे." सगळ्याजणी खो खो हसल्या. शामलाबाई तर पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या हसण्यात चमकी, पंचांग, पावणेसहा, काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या पोटात गडगडलं. असं की शेजारच्या बाईनं हळदीची कोयरी बाजूला सरकवली. शामलाबाई उठल्या. सावकाश उठल्या. कोणाकडे न पाहता मागच्या दारानं गेल्या.

पाव तासानं परसातून हाक आली, "जाऊबाई!"

अंजनाबाई गेल्या तेव्हा शामलाबाई विहिरीच्या काठाशी उभ्या होत्या. हातातल्या पाण्याच्या वाटीत, तळाशी, लाल खडा चमकत होता. फिरकीसकट.

"आली," शामलाबाई म्हणाल्या. एवढंच.

"किती वाजले?"

"साडेतीन झाले असतील." मग त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "पण जाऊबाई, आली ती कुठून आली! ही आता देवीच्या नाकात कशी घालू?"

ही अडचण डॉक्टरला सुचली नव्हती आणि मनोहररावांनाही नाही. दोन दिवस शामलाबाईंनी स्वतःही ती मनात आणली नव्हती. आधी येऊ दे, एवढंच देवीला विनवलं होतं. 

अंजनाबाईंनी पदर खोचला. "सोन्याले इटाळ असते काय वं? जुने लोक काय म्हणून गेले? सोनं चिखलात पडलं तरी सोनंच. आन् बाईच्या पोटातून आलेलं ओवळं म्हणशीन तं मंग आपण समद्या कुठून आलो? सासूबाई कुठून आल्या?" त्या थांबल्या. "चिंच आण. राख आण. आन् गाईचं दूध आण वाटीभर."

शामलाबाई न्हाल्या. चमकी चिंचेनं घासली, राखेनं घासली, पंचगव्यात बुडवली, दुधानं धुतली, रामटेकच्या अंबाळा तलावाचं तीर्थ अंजनाबाईंच्या कुपीत होतं ते वर शिंपडलं. दोघी जावा अशा कामाला लागल्या की वेळ कसा जातो ते कळत नाही. मनोहरराव तीनदा येऊन घड्याळ सांगून गेले.

पाच वाजून गेल्यावर दोघी देवघरात आल्या. शामलाबाईंनी मोत्यांची नथ उतरवली. फिरकी बसेना. दोनदा घसरली. शेवटी त्यांनी चमकी अंजनाबाईंपुढे धरली.

"तुम्ही घाला, जाऊबाई."

"मले दिसत नाही बरोबर."

"मी मुखवटा धरते. तुम्ही घाला. मोठ्या तुम्ही आहात."

अंजनाबाईंनी जावेकडे पाहिलं. चमकी घेतली, चाचपडत ज्येष्ठेच्या नाकात बसवली आणि मागून फिरकी आवळली. त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. हात देवीच्या कामात होते. "बस," त्या हळूच म्हणाल्या. "आता जाय माय सुखानं."

दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, मुखवटे जागचे जरा हलवले. प्रेमिला दारात उभी होती. लक्ष्म्या जाताना विचारायचा प्रश्नही असतो, पण या वेळी तिनं विचारण्याआधी शामलाबाईंच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, ओठांत काही नाही ना म्हणून.

"विचार वं, विचार," शामलाबाई म्हणाल्या. "तोंड मोकळं आहे."

पावणेसहाला पाच मिनिटं कमी असताना महालक्ष्म्या बोळवल्या गेल्या. मनोहरराव डॉक्टरला निरोप सांगायला सायकल काढू लागले. अंजनाबाई एस.टी.साठी गाठोडं बांधू लागल्या, तेव्हा शामलाबाईंनी मुखवटे कापडात गुंडाळून त्यांच्या गाठोड्यात ठेवले. वर चमकीची डबी.

"हे काय?"

"पुढच्या वर्षी रामटेकला बसवू. मी येते भाज्या घेऊन."

"आन् तुह्या हाताचं वळण?"

"ते तुमच्या चुलीपाशी बसून पाहते," शामलाबाई म्हणाल्या. "बसायची सवय लागली मला."

अंजनाबाईंनी गाठ आवळली आणि जावेच्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली.